टाचणी की खिळा?

गेल्या शनिवारी सकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मावसबहीण. सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात सेकंड इयरला डेटा स्ट्रक्चर्स शिकवते. शनिवारी नऊच्या आत मला फोन करणारी माणसं दोनच, आई आणि ताई. "झोपलायस का?" हा प्रश्न दोघीही मला उठवूनच विचारतात.

"अरे ऐक ना, कोर्समधले टॉपिक मागे-पुढे करायला एखादं साधं सॉफ्टवेअर आहे का रे? एकदम साधं. हा टॉपिक इथून उचलला, तिथे ठेवला, बास."

आता आयटीवाल्याला 'एकदम साधं' म्हणणं म्हणजे लग्नाच्या आचाऱ्याला 'दोघांपुरता वरणभात लाव' असं सांगणं. त्याचा हात मोठ्या पातेल्याकडेच जाणार. मीही तेच केलं. तासाभरात तिला सात लिंका पाठवल्या आणि मोठं काम केल्याच्या आनंदात पोहे खायला गेलो.

दुपारी तिचा निकाल आला. गँट चार्टवाल्या सॉफ्टवेअरने आधी 'रिसोर्स' विचारले. ("रिसोर्स म्हणजे मीच का रे?") मग एक टॉपिक पुढे सरकवल्यावर त्याला बांधलेले सगळे बाण सरकले आणि सत्राची परीक्षा जानेवारीत गेली. माइंड मॅप दिसायला झकास, पण त्यात आधी काय आणि नंतर काय हेच नाही. मध्यभागी 'डेटा स्ट्रक्चर्स' लिहिलेला एक कोळी आणि त्याला रंगीत पाय. कार्डांचा बोर्ड त्यातल्या त्यात बरा, कार्ड पटकन हलतं. पण कार्डावर टाकलेली तारीख कार्डाबरोबरच हलते, म्हणजे टॉपिक मागे घेतला तरी तारीख जुनीच. ती एकेक करून बदलायची. बाकीच्या चारांपैकी तिघांनी क्रेडिट कार्ड मागितलं आणि चौथं उघडलंच नाही.

"तुमच्या कॉलेजच्या इआरपीत असेल की लेसन प्लॅनचं मॉड्यूल," मी म्हणालो.

ताई हसली. ते हसणं काही आनंदाचं नव्हतं.

इआरपीत मॉड्यूल आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक शिक्षकाने त्यात ४२ तासांचा प्लॅन भरायचा, कुठल्या तारखेला कुठला टॉपिक. मग एचओडी 'फ्रीझ' नावाचं बटण दाबतात. त्यानंतर प्लॅन हलत नाही. शिकवलेलं प्लॅनशी जुळलं नाही तर ती ओळ लाल होते आणि कारण निवडावं लागतं. कारणांची यादी अशी: सुट्टी, शिक्षकाची रजा, कॉलेजचा कार्यक्रम, इतर.

'मुलांना कळलं नाही' हे कारण त्या यादीत नाही!

मंडळी, आजचा लेख या एका ओळीसाठी आहे.

आधी ताईची अडचण नीट समजून घ्या, कारण ती हजारो शिक्षकांची आहे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दोन प्रकारची मुलं असतात. एक, पहिलं वर्ष करून आलेली. दुसरी, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, कॉलेजच्या भाषेत डी-टू-डी. या दुसऱ्यांच्या प्रवेशफेऱ्या लांबतात आणि ती वर्गात येतात तेव्हा शिकवणं सुरू होऊन बरेच आठवडे झालेले असतात. गेल्या वर्षी ताईच्या वर्गात अशी १७ मुलं पाचव्या आठवड्यात आली. त्यातली काही तर मेकॅनिकल नि इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून कॉम्प्युटरला आलेली.

पाचव्या आठवड्यापर्यंत प्लॅनप्रमाणे काय झालेलं होतं? पॉइंटरची उजळणी, स्ट्रक्चर आणि निम्मी लिंक्ड लिस्ट. म्हणजे पुढची झाडं-बिडं ज्याच्यावर उभी राहणार तो सगळा पाया. ताईला कळत होतं की हा भाग महिनाभर पुढे ढकलायला हवा होता. अ‍ॅरेवरचं सर्चिंग, सॉर्टिंग, अ‍ॅरेतला स्टॅक, अ‍ॅरेतली क्यू, यातल्या कशालाच पॉइंटर लागत नाही. हे सगळं आधी उरकायचं आणि सतरा जण आले की पॉइंटर काढायचा. शिकवणाऱ्याला हे दिसतंच. पण प्लॅन फ्रीझ झालेला, आणि लाल ओळींचा अहवाल दर सोमवारी प्रिन्सिपलसाहेबांच्या टेबलावर. ताईने प्लॅन पाळला. सगळ्या ओळी हिरव्या राहिल्या.

सत्राच्या शेवटी ओरल होती. त्या सतरांतल्या एका मुलाने लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम अगदी स्वच्छ लिहिला होता, पाठ करून. ताईने सहज विचारलं, "पॉइंटर म्हणजे काय रे?"

तो म्हणाला, "मॅडम, तो स्टार."

ऐकताना मी हसलो. ताई हसली नाही. म्हणाली, "त्याची काय चूक? मी शिकवलं तेव्हा तो वर्गात नव्हता. आणि इआरपीत माझा प्लॅन १०० टक्के पूर्ण आहे."

शाळेतल्या शिक्षकांकडे या प्लॅनला एक छान शब्द आहे, टाचण. त्या शब्दात मला नेहमी टाचणी ऐकू येते. टाचणीने कागद तात्पुरता लावायचा असतो. काढता येते, दुसरीकडे टोचता येते. आपण सॉफ्टवेअरवाल्यांनी काय केलं, तर ती टाचणी काढली आणि तिथे खिळा ठोकला. वर त्याला 'डिजिटायझेशन' म्हणालो.

'आपण' म्हणतोय ते उगीच नाही. माझ्या पहिल्या नोकरीत, बावीस-तेवीस वर्षांचा असताना, मी हेच मॉड्यूल लिहिलंय. ताईच्या कॉलेजातलं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कोणाचं आहे, पण बटण तेच. डेटाबेसमध्ये 'इज फ्रोझन' नावाचा एक कॉलम, खरं किंवा खोटं. खरं असेल तर एडिटचं बटण राखाडी करायचं. अर्ध्या दिवसाचं काम. कारणांची यादीही मीच टाइप केली होती. आमच्या रिक्वायरमेंटच्या मिटिंगला संस्थेचे सेक्रेटरी होते, प्रिन्सिपल होते, ऑफिस सुपरिंटेंडंट होते, चहा-बिस्किटं होती. शिकवणारं माणूस एकही नव्हतं. मला तेव्हा हे खटकलंही नाही. ज्याला रिपोर्ट बघायचाय तो आमच्यासाठी 'युझर', आणि ज्याला रोज सकाळी आठला वर्गात उभं राहायचंय ती 'डेटा एंट्री'.

आणि गंमत बघा. त्याच ऑफिसात आमच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या होत्या. रोज सकाळी दहाला आम्ही त्यांच्यासमोर उभं राहून चिठ्ठ्या हलवायचो. हे काम पुढच्या आठवड्यात, ते आधी, हे टीमला जमत नाहीये म्हणून बाजूला. २००१ साली अमेरिकेत यूटामध्ये १७ प्रोग्रॅमर जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. ठरलेल्या योजनेला चिकटून बसण्यापेक्षा बदलाला सामोरं जाणं जास्त मोलाचं, हा त्यातला एक मुद्दा. तो आपण इतका मनावर घेतला की त्याची सर्टिफिकेटं निघाली. म्हणजे आपल्याला दर पंधरा दिवसांनी प्लॅन बदलायची मुभा हवी, कारण सॉफ्टवेअर फार गुंतागुंतीचं असतं ना! आणि सत्तर मुलांचा वर्ग? तो काय, साचा आहे. तारीख टाका, फ्रीझ करा. हा दुटप्पीपणा नाही तर काय आहे?

बरं, गोष्टी वर-खाली हलवणं हे काही फार पुढारलेलं तंत्रज्ञान आहे असंही नाही. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्टने जगाला माउस दाखवला. त्याच प्रात्यक्षिकात त्याने पडद्यावर एक वाणसामानाची यादी घेतली आणि तिच्यातल्या ओळी हलवून, गटात घालून दाखवल्या. कॉम्प्युटरने माणसाला विचार करायला कशी मदत करावी, हे सांगायला त्याला यादीची फेरजुळणी दाखवावीशी वाटली. त्याला आता अर्धशतक उलटून गेलं. आज वर्डमध्ये आल्ट आणि शिफ्ट दाबून वरचा बाण मारला की अख्खा परिच्छेद वर सरकतो. वर्षानुवर्षं ही सोय आहे, आणि मला माहीत असलेल्या कुठल्याही लेसन प्लॅनच्या मॉड्यूलमध्ये ती नाही. माझ्याही नव्हती.

असो. ताईला काहीतरी द्यायचं होतं. लाजेपोटी शनिवारी रात्री एक वाजता मी लिनक्स उघडलं. युनिक्समध्ये 'टीसॉर्ट' नावाची एक इवलीशी कमांड आहे. तिचं मूळ काम लायब्ररीतल्या फायली लिंकरसाठी क्रमाने लावायचं. तिला नुसत्या जोड्या द्यायच्या, कशानंतर काय:

पॉइंटर – लिंक्ड लिस्ट
लिंक्ड लिस्ट – ट्री
अ‍ॅरे – सॉर्टिंग
अ‍ॅरे – स्टॅक
स्टॅक – पोस्टफिक्स
क्यू – ग्राफ

आणि ती कुठलीही अट न मोडणारा एक क्रम काढून देते. अटी गोल फिरल्या, म्हणजे 'अ'साठी 'ब' हवं आणि 'ब'साठी 'अ', तर तसंही सांगते. यामागची एक पद्धत आर्थर कानने १९६२ साली प्रसिद्ध केली. सेकंड इयरलाच ग्राफच्या युनिटमध्ये आपण ती शिकतो, टोपोलॉजिकल सॉर्ट म्हणून. म्हणजे ताई जे शिकवते त्याचंच हे उत्तर. मी खूश!

रविवारी तिला दाखवलं. तिने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. पण हे याला माहितीय का, की शुक्रवारी जेवणानंतरच्या तासाला रिकर्शन काढलं तर निम्मा वर्ग झोपतो?"

नाही माहीत. टीसॉर्टला फक्त बरोबर क्रम कळतो, चांगला क्रम फक्त शिक्षकाला कळतो. पण त्या स्क्रिप्टने एक गोष्ट मला नीट दाखवली. त्याच जोड्या ठेवून क्रम कितीतरी निघतात आणि अटींच्या हिशेबाने सगळे बरोबर असतात. सिलॅबसमधलं युनिट एक ते युनिट सहा हे त्यातलं एक उत्तर, छापलं गेलेलं, इतकंच. आपण त्याला देववाणी समजतो.

शेवटी जे चाललं ते सांगतो. एक स्प्रेडशीट. मॅक्रो नाही, काही नाही. पण तिच्यात एक युक्ती आहे आणि ती महत्त्वाची आहे: तारीख टॉपिकला चिकटवायची नाही.

पहिल्या कॉलममध्ये फक्त तारखा, ज्या दिवशी खरोखर तास आहे तेवढ्याच. शेजारच्या तीन कॉलममध्ये टॉपिक, तो 'कशानंतर', आणि शेरा. एक ओळ म्हणजे एक तास. दोन तासांचा टॉपिक असेल तर दोन ओळी. 'कशानंतर'मध्ये ओळीचा नंबर लिहायचा नाही, टॉपिकचं नाव लिहायचं, म्हणजे ओळी हलल्या तरी ते खरं राहतं. आता टॉपिक हलवायचा असेल तर एक्सेलमध्ये त्याचे तीनच चौकोन निवडायचे, कड पकडायची आणि शिफ्ट दाबून ओढायचं. मधले टॉपिक आपोआप सरकून जागा करतात, तारखा जागच्या जागी. कलेक्टरसाहेबांनी पावसाची सुट्टी दिली? मग फक्त तारखेचा चौकोन डिलीट करायचा आणि खालच्या तारखा वर घ्यायच्या. पुढचे सगळे टॉपिक एकेक तास पुढे जातात आणि तळाशी एक टॉपिक बिनतारखेचा उरतो.

तो उरलेला टॉपिक मला फार आवडला. कारण तो खरं बोलतो. ताईला गेल्या वर्षी कागदावर ४२ तास होते आणि हातात पडले ३३. पाऊस, गणपती, कॉलेजचा टेक फेस्ट, कमिटीची भेट. फ्रीझ झालेल्या प्लॅनमध्ये हे नऊ तास शेवटच्या आठवड्यापर्यंत दिसत नाहीत आणि मग ग्राफचं अख्खं युनिट दोन तासांत 'कव्हर' होतं. ताईच्या नव्या शीटमध्ये ऑगस्टमध्येच तळाशी चार टॉपिक बिनतारखेचे लोंबत होते. म्हणजे ऑगस्टमध्येच ठरवता येतं की जादा तास कुठे घ्यायचे, वाचायला काय द्यायचं, कशाला एक तास कमी करायचा.

हलू नयेत अशा गोष्टीही असतात. सत्रमध्य परीक्षा, सबमिशनची तारीख. त्यांच्या तारखा ताईने गडद रंगवल्या. तिच्याकडे सत्रमध्य पेपर तीच काढते म्हणून तिला मोकळीक आहे. जिथे 'पहिली दोन युनिटं' असं ठरलेलं असतं तिथे क्रमाला तेवढी मर्यादा येणारच. पण चार खुंटे पक्के आहेत म्हणून गोठ्यातल्या सगळ्या गुरांचे पाय बांधायचे नसतात.

आता विरोधी पक्षाचं म्हणणं. मी ते ऐकलेलं आहे, एकेकाळी स्वतः मांडलेलंही आहे. "फ्रीझ नसेल तर कोणीही काहीही शिकवेल. काही शिक्षक मुळात प्लॅनच करत नाहीत. आणि नॅक, एनबीएची माणसं आली की पुरावा काय दाखवायचा?"

पहिल्या भागात तथ्य आहे. वर्षभर पिवळ्या पडलेल्या वहीतून डिक्टेशन देणारे सर मीही भोगलेत. पण नीट बघा, त्या सरांचा प्लॅन कायम हिरवा असतो! त्यांना काही बदलायचंच नसतं, त्यांना फ्रीझचा त्रास काय? कुलपाने अडते ती ताई, कारण तिला मुलांकडे बघून बदल करायचा असतो. कामचुकाराला पकडायला लावलेला हा सापळा फक्त काम करणाऱ्यालाच पकडतो.

दुसरा भाग, पुराव्याचा. २०१४ साली भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, एनबीएच्या मार्फत. त्या पद्धतीचा गाभाच असा, की मुलांना काय येतंय ते मोजा आणि त्याप्रमाणे शिकवण्यात सुधारणा करत राहा. मग जो प्लॅन पहिल्या आठवड्यात होता तसाच शेवटच्या आठवड्यात आहे, तो कसला पुरावा? सुधारणा न केल्याचा! पुरावाच हवा असेल तर आपण प्रोग्रॅमर जे रोज वापरतो ते द्या ना. इतिहास. बदल करू द्या आणि कोणी, केव्हा, काय बदललं ते ठेवा. आपल्याकडे गिट आहे, गूगल शीट्समध्ये व्हर्जन हिस्टरी फुकट आहे. 'डी-टू-डीची मुलं आली, पॉइंटर पाचव्या आठवड्यात घेतला' अशी शेऱ्याची एक ओळ कुठल्याही कमिटीला शंभर हिरव्या ओळींपेक्षा जास्त सांगेल. आणि कमिटीला ती कळत नसेल, तर दोष कमिटीचा आहे.

हे वाचणाऱ्यांत माझ्यासारखे बरेच जण असतील, शाळा-कॉलेजांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे. त्यांना हात जोडून सांगणं आहे. डेमोच्या आदल्या दिवशी आपलं मॉड्यूल एका शिकवणाऱ्या माणसासमोर ठेवा आणि चार गोष्टी करायला सांगा. एक टॉपिक उचलून दुसरीकडे ठेवा, पाच सेकंदांत. एक दिवस रद्द करा, पुढचं सगळं आपोआप सरकलं पाहिजे. सगळा प्लॅन एका ए-फोर कागदावर छापा. आणि ही फाइल तुमच्या कंपनीशिवाय उघडून दाखवा. चारही जमलं तर मग खुशाल डॅशबोर्ड करा, पाय चार्ट करा, हवे ते रंग भरा. नाही जमलं तर तुम्ही लेसन प्लॅनचं सॉफ्टवेअर केलेलं नाही. हजेरीपटाला नवीन रंग दिलाय.

आणि शिक्षकांना एवढंच, की आमच्यासाठी थांबू नका. शीट नको वाटली तर लग्नपत्रिकांचे पाठकोरे तुकडे करा, एका तुकड्यावर एक टॉपिक, आणि पलंगावर मांडा. ताईने गेल्या वर्षीपर्यंत तेच केलं होतं. तिची अडचण फक्त एवढीच होती की पंखा लावता येत नव्हता. :)

इआरपीतला प्लॅन ताईला अजूनही भरावा लागतो. तो तिने भरलाय, फ्रीझही झालाय. या वर्षी तिने ठरवलंय की लाल ओळी येऊ द्यायच्या, कारणात 'इतर' निवडायचं आणि शेऱ्यात खरं लिहायचं. प्रिन्सिपलसाहेब काय म्हणतील कोणास ठाऊक. या वर्षीची डी-टू-डीची मुलं या सोमवारपासून येतायत. पॉइंटर मंगळवारी आहे.

मी काल माझ्या जुन्या कंपनीतल्या मित्राला फोन केला. तो अजून तिथेच आहे. म्हटलं, तो 'इज फ्रोझन' कॉलम आहे का रे अजून? म्हणाला, "आहे की. आता ३० कॉलेजं वापरतात."

तो कॉलम काढायला किती वेळ लागेल, ते आम्हा दोघांनाही माहीत आहे. अर्धा दिवस.